तेल आधी किती तापवलं होतं?

मुंबईत तेल-तंत्रज्ञानात पीएच.डी. करणाऱ्या, तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आलाय. ती मूळची कुडाळकडची, आणि काम कोकमाच्या बियांच्या तेलावर, म्हणजे आपल्या मुठेलावर. सर म्हणतात, अमेरिकन ऑइल केमिस्ट्स सोसायटीच्या, म्हणजे एओसीएसच्या, ‘ऑनर्ड स्टुडंट’ पुरस्कारासाठी अर्ज कर. तिला तीन शंका आहेत. विषय फारच गावठी वाटतोय, पेपर एकच छापून आलाय, आणि परीक्षक नक्की काय बघतात ते कोणी सांगत नाही. सोबत तिने सारांशाचा कच्चा मसुदाही पाठवलाय.

त्या सोसायटीच्या निवड समितीवर मी कधी नव्हतो. तिथलं आतलं गुपित माझ्याकडे मिळेल असं समजू नका. माझी नोकरी गेली चोवीस-पंचवीस वर्षं चॉकलेट आणि बेकरीसाठी लागणाऱ्या फॅट्सच्या प्रयोगशाळेत गेली. अलीकडे आपल्याकडच्या विद्यार्थी-बक्षिसांचे अर्ज वाचायला माझ्याकडे येतात. त्या गठ्ठ्यांच्या जोरावर बोलतोय.

सगळ्यात आधी नियमातली खाच, कारण आपली मुलं तिथेच अडकतात. हा पुरस्कार फॅट्स आणि लिपिड्सवर संशोधन करणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी आहे, आणि तुम्ही कुठल्याही देशातल्या संस्थेत शिकत असलात तरी चालतं. पण वार्षिक अधिवेशन होईपर्यंत तुम्ही विद्यार्थीच असायला हवं. त्याआधी पदवी हातात पडलेली चालत नाही आणि नोकरी धरलेलीही चालत नाही. आपल्याकडे थिसिस जमा केला की माणूस दुसऱ्या दिवशी एखाद्या कंपनीत रुजू होतो, व्हायवा मागाहून होत राहतो. तुम्ही तिसऱ्या वर्षाला आहात, म्हणजे वेळ बरोबर आहे. चौथ्या वर्षी ‘आता रिझल्ट छान आलेत’ म्हणून अर्ज करायला जाल आणि मधेच नोकरी लागेल, तर सगळं मुसळ केरात. अधिवेशन एप्रिलअखेर किंवा मेमध्ये असतं, २०२३ ला डेन्व्हर, २०२४ ला माँट्रियल, २०२५ ला पोर्टलंड असं फिरतं असतं. अर्ज मात्र आदल्या वर्षीच द्यायचा असतो. नेमकी तारीख दर वर्षी सोसायटीच्या साइटवर बघा, सीनियरच्या आठवणीवर जाऊ नका.

निवड झालेल्यांमधल्या सरस विद्यार्थ्यांना आणखी एक-दोन नावाजलेली पारितोषिकं मिळतात. थॉमस स्माऊस आणि राल्फ पॉट्स यांच्या स्मरणार्थ दिल्या जाणाऱ्या फेलोशिप वेगळ्या, त्यांचे विषय आणि निकषही वेगळे. पॉट्स फेलोशिप तेलं, फॅट्स आणि त्यांच्यापासून बनणाऱ्या पदार्थांच्या रसायनशास्त्राकडे झुकते. एकच अर्ज सगळीकडे चिकटवू नका.

आता ‘गावठी’ या शब्दाकडे येतो, कारण तुमच्या पत्रात तो दोनदा आलाय.

चॉकलेटमध्ये कोको बटरव्यतिरिक्त कुठली वनस्पतिजन्य फॅट्स चालतील, याची युरोपीय संघाच्या २००० सालच्या निर्देशात यादी आहे. ती फक्त सहा नावांची आहे: इलिपे, पाम, साल, शिया, कोकम आणि आंब्याची कोय. मर्यादा ५ टक्के. म्हणजे ब्रुसेल्समध्ये बसून ज्यांनी ही यादी केली, त्यांच्या कागदावर तुमच्या अंगणातलं झाड लॅटिन नावानिशी आहे. आपण मात्र त्याला टाचांच्या भेगांना लावायचं औषध समजतो. तेही खोटं नाही म्हणा. माझ्या आजीच्या फडताळात मुठेलाचा गोळा कायम असायचा आणि थंडीत तो किसून, पळीत गरम करून टाचांना लावायचे. गोव्यात त्यालाच भिरंडेल म्हणतात.

कोकमाच्या फॅटमध्ये पामिटिक आम्ल अगदी थोडं, स्टिअरिक निम्म्याहून जास्त आणि ओलेइक त्याखालोखाल असतं. त्यामुळे त्यातले बहुतेक ट्रायग्लिसराइड, म्हणजे तीन आम्लं जोडून बनलेले फॅटचे रेणू, एकाच घडणीचे निघतात: दोन टोकांना स्टिअरिक, मधे ओलेइक, म्हणजे आपल्या धंद्यातलं ‘एसओएस’. निसर्गात इतक्या एकसारख्या घडणीची फॅट्स थोडीच. कोको बटरमध्ये एसओएसबरोबर पामिटिकवाली भावंडंही भरपूर असतात, म्हणून ते ३३-३४ अंशांना तोंडात विरघळतं. एसओएसचं सगळ्यात स्थिर स्फटिकरूप ४३ अंशांपर्यंत तग धरतं. मे महिन्यात अकोल्याच्या किराणा दुकानात चॉकलेटचं काय होतं ते पाहिलेल्या माणसाला या दोन आकड्यांमधलं अंतर वेगळं समजवावं लागत नाही. म्हैसूरच्या सीएफटीआरआयने चॉकलेट कडक करण्यासाठी कोकम फॅटवर काम केलंय, ते तुम्ही वाचलंच असेल. नसेल, तर हे उत्तर बाजूला ठेवा आणि आधी ते वाचा.

म्हणजे विषय छोटा नाही. तुमच्या सारांशात तो छोटा दिसतोय, आणि त्याचं कारण पहिलंच वाक्य आहे. तुम्ही लिहिलंय: ‘कोकमाच्या तेलाच्या भौतिक व रासायनिक गुणधर्मांचा सर्वांगीण अभ्यास करण्यात आला.’ हे वाक्य मी दर वर्षी वाचतो. फक्त कोकमाच्या जागी जवस येतं, करडई येते, मोहाचं तेल येतं. त्यातून वाचणाऱ्याला एवढंच कळतं की तुमच्या विभागात कुठकुठली उपकरणं आहेत.

तुमचा मसुदा मी दोनदा वाचला. खरा प्रश्न चौथ्या परिच्छेदात दडलाय. तुम्ही सिंधुदुर्गातल्या वेगवेगळ्या घरांतून मुठेल आणलं आणि पाहिलं की काही गोळे झटकन घट्ट होतात, काही तासन्‌तास लोण्यासारखे मऊ राहतात. ज्यांत मोकळी, म्हणजे ट्रायग्लिसराइडपासून सुटलेली, आम्लं जास्त, ते मऊ राहतात, हेही तुम्हाला दिसलं. हाच तुमचा अर्ज आहे. बाकी सगळी सजावट.

आता इथे परीक्षक म्हणून मी काय विचारेन? बिया कधी सुकवल्या? कोकम एप्रिल-मेमध्ये पिकतं आणि पाऊस दारात उभा असतो. ज्या घराने रतांबे, म्हणजे कोकमाची फळं, लवकर काढून बिया उन्हात खडखडीत वाळवल्या त्यांचं तेल वेगळं, आणि ज्यांच्या बिया जूनच्या पहिल्या सरीत पडवीत दमट राहिल्या त्यांचं वेगळं. ओल्या बीमध्ये लायपेज नावाचं विकर (एन्झाइम) ट्रायग्लिसराइड तोडत बसतं. पुढे बिया फोडून, गर कुटून, पाण्यात उकळून वर आलेली फॅट गार करून मुठीने वळली जाते. त्या उकळीत लायपेज मरतं, पण तोवर झालेलं नुकसान तसंच राहतं. तुमच्या तक्त्यात ‘नमुना १ ते ६’ असं आहे. गाव, तोडणीचा आठवडा, सुकवण्याची पद्धत, बिया किती महिने पोत्यात होत्या, यातलं काहीच नाही. तुमच्या वहीत हे असणार याची मला खात्री आहे, कारण कुडाळची मुलगी त्या घरांत जाऊन चहा न पिता परत आली नसेल. मग ते सारांशात का नाही? ‘शास्त्रीय’ वाटत नाही म्हणून गाळलंत, हो ना? नेमकी तीच माहिती तुमच्याकडे आहे आणि इतर कुठल्याही देशातल्या प्रयोगशाळेकडे नाही.

दुसरा प्रश्न जास्त टोकदार आहे. तुम्ही अल्कलीने मोकळी आम्लं काढलीत, तेल जरा लवकर गोठलं, आणि निष्कर्ष लिहिलात की मऊपणा मोकळ्या आम्लांमुळे होता. थांबा. ट्रायग्लिसराइड तुटलं की एक आम्ल मोकळं होतं, पण मागे दोन आम्लांचं डायग्लिसराइड उरतं. अल्कली आम्ल धुऊन नेते, डायग्लिसराइड तिथेच बसून राहतं, आणि स्फटिक बनण्यात तेही खोडा घालतं. म्हणून तुमचं तेल ‘जरा’ लवकर गोठलं, पूर्ण सुधारलं नाही. हे तुमच्याच आलेखात दिसतंय आणि तुम्ही त्यावर एक अक्षर लिहिलेलं नाही.

यावर उपाय महागडा नाही. चांगल्या, ताज्या बियांचं तेल घ्या, त्यात मोजून ओलेइक आणि स्टिअरिक आम्ल परत घाला आणि गोठण्याचा वेळ मोजा. दुसऱ्या भागात तेवढ्याच हिशोबाने डायग्लिसराइड घाला. दोन आठवड्यांचं काम आहे. काढून टाकल्याने जे सिद्ध झालं असं वाटतं, ते परत घालून दाखवलं की वाद मिटतो. हा एक प्रयोग तुमच्या अर्जात असला, तर दहा गुणधर्मांचे तक्ते नसले तरी चालतील. मला विचाराल तर रॅन्सिमॅटचा, म्हणजे तेल खवट न होता किती टिकतं ते मोजण्याचा, भाग सरळ काढून टाका. ज्या फॅटमध्ये लवकर खवटणारं लिनोलेइक आम्ल जवळजवळ नाहीच, ती जास्त टिकते, यात बातमी काही नाही.

मी इतक्या अधिकाराने हे का सांगतोय? कारण याहून मोठा बावळटपणा मी स्वतः केलाय.

मी विद्यार्थी असताना सालबियांच्या फॅटवर काम करत होतो. डीएससी, म्हणजे वितळताना-गोठताना नमुना किती उष्णता घेतो किंवा सोडतो ते मोजणारी यंत्रणा, नवीन होती, तिच्यावर नंबर लागायचा तो पहाटेचा. एका नमुन्यात वितळण्याच्या आलेखावर एक जादा शिखर आलं, छोटंसं, पण दर वेळी येणारं. मी तीनदा करून पाहिलं, तिन्ही वेळा आलं. मग काय, स्वर्ग दोन बोटं उरला. परिषदेत पोस्टर लावलं, त्यावर जाड अक्षरांत नव्या स्फटिकरूपाचा दावा. दुपारी एक वयस्कर प्राध्यापक आले, खिशातून चष्मा काढला, पोस्टर वरपासून खालपर्यंत वाचलं आणि एवढंच विचारलं, ‘तेल आधी किती तापवलं होतंस?’

मी म्हटलं, वॉटर बाथवर पन्नासला, स्वच्छ पारदर्शक होईपर्यंत.

ते ‘बरं’ म्हणाले आणि पुढच्या पोस्टरकडे गेले.

त्या ‘बरं’चा अर्थ मला रात्री कळला. फॅट डोळ्यांना पारदर्शक दिसली म्हणजे ती पूर्ण विसरली असं नाही. वितळणबिंदूच्या जरा वर नेऊन खाली आणली तर जुन्या स्फटिकांच्या बारीक खुणा आत उरतात आणि पुढचं गोठणं त्यांच्याच वळणावर जातं. आम्ही त्याला स्फटिकांची आठवण म्हणतो. ती पुसायला एओसीएसच्याच डीएससी पद्धतीत नमुना ८० अंशांवर १० मिनिटं ठेवायला सांगितलंय. परत गेल्यावर मी तसं केलं. शिखर गायब. तीनदा करून पाहिलं होतं, पण तिन्ही वेळा चूक तीच होती, म्हणून उत्तरही तेच येत होतं.

तुमच्या सारांशात ‘नमुने वितळवून’ एवढंच आहे. किती अंशांना, किती मिनिटं, ते लिहा. अर्ध्या ओळीत मावतं आणि वाचणाऱ्याला कळतं की हा माणूस ठेच खाऊन शहाणा झालाय किंवा दुसऱ्याची ठेच पाहून झालाय. स्फटिकाची आतली रचना दाखवणारं क्ष-किरण विवर्तनाचं एक चित्र जोडता आलं तर उत्तम. ४.६ अँगस्ट्रॉमची ठसठशीत रेघ दिसली की बीटा, म्हणजे सगळ्यात स्थिर, रूपाबद्दल कोणी भांडत नाही. फक्त डीएससीच्या शिखरांना नावं देत सुटू नका.

या सोसायटीच्या बाबतीत मोजण्याचा हा काटेकोरपणा जरा जास्तच लागू पडतो, कारण तिचा जन्मच त्यातून झालाय. १९०९ मध्ये ती सुरू झाली तेव्हा नाव होतं ‘सोसायटी ऑफ कॉटन प्रॉडक्ट्स अ‍ॅनालिस्ट्स’. सरकीचं तेल आणि पेंड तपासणारी मंडळी. गिरणीवाला एक आकडा सांगणार, घेणारा दुसरा, आणि पैसे आकड्यावर ठरणार. म्हणून सगळ्यांनी एकाच पद्धतीने मोजावं यासाठी ते एकत्र आले. आजही जगभरच्या प्रयोगशाळांना एकाच तेलाचे नमुने पाठवून कोणाचं उत्तर किती चुकतंय ते ही सोसायटी तपासते. आपल्या खानदेश-विदर्भात सरकीचा धंदा पाहिलेल्यांना हे भांडण ऐकीव वाटणार नाही. जिनिंगच्या दारात आर्द्रतेवरून होणारी हमरीतुमरी हीच. अशा घराण्यातल्या परीक्षकापुढे तुम्ही पेरॉक्साइड व्हॅल्यू, म्हणजे खवटपणाच्या पहिल्या टप्प्याचा आकडा, दोन दशांशांपर्यंत लिहून खाली किती वेळा मोजलं ते लिहिलं नाहीत, तर तो पुढचं पान उलटेल, पण मन लावून नाही. आणि पेरॉक्साइडचा आकडा कमी आला म्हणून तेल ताजं, असंही लिहू नका. तो वर चढतो आणि मग पेरॉक्साइड मोडायला लागले की खाली येतो. जुनं खवट तेलसुद्धा कमी आकडा दाखवून साळसूदपणे उभं राहू शकतं. पुढच्या टप्प्याचा खवटपणा दाखवणारी अ‍ॅनिसिडीन व्हॅल्यू जोडीला असेल तरच तो आकडा द्या, नाहीतर गाळा.

एकच पेपर आहे, याची काळजी सोडा. विद्यार्थी-पुरस्काराला दहा पेपरवाल्याची गरज नसते. दहा पेपर आणि प्रत्येकात सहावं नाव, असा अर्ज आला की मला उलट शंका येते. तुमच्या एका पेपरमध्ये तुम्ही स्वतः काय केलंत ते दोन वाक्यांत सांगा: मुठेल गोळा केलं, डीएससी चालवली, क्ष-किरणाचं काम दुसऱ्या संस्थेतून करून घेतलं. जे दुसऱ्याने केलं ते दुसऱ्याने केलं असं लिहिण्याने कोणाची किंमत कमी होत नाही.

शिफारसपत्रांबद्दल मात्र स्पष्ट बोलतो, कारण यावर कोणी बोलत नाही. आपल्याकडची रीत सगळ्यांना माहीत आहे. सर म्हणतात, ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ मग विद्यार्थी स्वतःबद्दल ‘अत्यंत मेहनती, प्रामाणिक व सहकार्यशील’ असं लिहितो, दोन्ही पत्रांत तेच, कधी कधी तीच चुकीची स्पेलिंगं. वाचणारा मूर्ख नसतो. सरांना नाही म्हणणं तुम्हाला शक्य नाही हे मला कळतं, आणि म्हणून मधला रस्ता: पत्र लिहून देऊ नका, टिपण द्या. एका कागदावर चार-पाच प्रसंग. कुठला प्रयोग फसला आणि तुम्ही तो कसा सोडवला, एमटेकच्या कोणाला काय शिकवलंत, कुठे सरांचं म्हणणं तुम्हाला पटलं नाही आणि शेवटी काय निघालं. टिपण समोर असलं की बहुतेक सर दहा मिनिटांत स्वतःच्या भाषेत पत्र लिहितात. मी असा कागद दोन विद्यार्थ्यांकडून मागून घेतला होता आणि ती दोन्ही पत्रं माझ्या हातून झालेली बरी पत्रं आहेत. दुसरं पत्र शक्यतो विभागाबाहेरच्या माणसाचं घ्या, जिथे क्ष-किरणाचं काम केलंत तिथल्या शास्त्रज्ञांचं मिळालं तर फारच छान. विभागप्रमुखांचं पत्र घेण्याचा मोह होतो. त्यांनी तुमचं काम पाहिलेलं नसेल तर त्या पत्राला फक्त लेटरहेड असतं.

सारांशाची भाषा इंग्रजी असणार, पण आधी मराठीत लिहून बघा. गंमत म्हणून सांगत नाहीये. ‘कच्च्या मुठेलाचा मऊपणा मोकळ्या आम्लांमुळे येतो की मागे राहिलेल्या डायग्लिसराइडमुळे, आणि कोको बटरमध्ये ५ टक्के मिसळल्यावर तो फरक जाणवतो का?’ हे वाक्य तुम्हाला मराठीत सरळ सांगता आलं, की इंग्रजीत ‘सर्वांगीण अभ्यास’ लिहायची गरज पडत नाही. माटुंगा असो, नागपूरचं एलआयटी असो की जळगाव, आपल्या मुलांचं इंग्रजी कच्चं असतं म्हणून अर्ज मागे पडतात, हे मला कधीच पटलेलं नाही. प्रश्न काय होता हेच ठरलेलं नसतं, आणि मग मोठे शब्द ती जागा भरतात.

निवड झाली तर अधिवेशनात बोलावं लागेल. कोकम म्हणजे काय हे समजावण्यात वेळ घालवू नका. एक स्लाइड पुरे: फळ, बी, आणि कोणाच्या तरी हातातला मुठेलाचा गोळा, बोटांचे ठसे उमटलेला. तो फोटो तुमच्याकडे नसेल तर येत्या मे महिन्यात काढून घ्या.

पैशाचं: पुरस्कारातून प्रवासाला हातभार लागतो, पण मुंबईहून जाण्या-येण्याचा आणि राहण्याचा सगळा खर्च त्यात बसेल असं धरून चालू नका. केंद्राच्या आंतरराष्ट्रीय प्रवास-साहाय्याच्या योजना संशोधक विद्यार्थ्यांसाठी असतात. पूर्वी एसईआरबी या केंद्राच्या संशोधन-निधी मंडळाकडे होतं ते काम आता एएनआरएफ या नव्या संस्थेकडे गेलंय. तिथला अर्ज निवडीचं पत्र आल्या आल्या करा. अमेरिकेच्या व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळायला मुंबईत कधी कधी महिनोन्‌महिने लागतात, आणि एक हुशार मुलगा निवड होऊनही त्यामुळेच घरी बसलेला मी पाहिलाय. तेव्हा सारांश दुरुस्त करायला बसण्याआधी कपाट उघडा आणि पासपोर्टची मुदत बघा.